पोस्टकार्डाच्या जाडीइतकं

इंदापूर म्हणजे काही काश्मीर नव्हे. तिथं जाऊन आलेली बाई प्रवासवर्णन लिहायला बसली हे कळलं तर आमच्या आळीत आठवडाभर करमणूक होईल. होऊ दे. पुण्याबाहेर पडायचं म्हटलं की या लोकांना महाबळेश्वर नाहीतर काशी, तिसरं गाव सुचत नाही. मधला सगळा मुलूख त्यांच्या लेखी फक्त ओलांडायचा असतो. मीही परवापरवापर्यंत त्यांतलीच होते.

शाळेतून निवृत्त होऊन मला सहा महिने झाले होते. माझी मैत्रीण कुसुम इंदापूरला दिलेली. तिच्या यजमानांची कालव्याच्या पाण्यावर मोसंबीची बाग आहे. वीस वर्षं ती ‘ये’ म्हणत होती आणि मी ‘वह्या तपासायच्या आहेत’ म्हणून कळवत होते. ‘आता कुठल्या वह्या?’ असं तिचं पत्र आलं तेव्हा मी ‘येते’ म्हणून कळवलं. माझा थोरला भाऊ अण्णा डॉक्टर आहे, मी त्याच्याकडेच राहते. त्यानं आपली गाडी दिली आणि गाडीबरोबर सखाराम दिला.

सखाराम पंधरा वर्षं अण्णाची गाडी चालवतो. पन्नाशी उलटलेली, अंगात खाकी कोट, बोलणं मोजकं. दवाखान्यामागच्या खोलीत बायको आणि लग्नाला आलेल्या दोन मुली. नोकरी आहे म्हणून ती खोली आहे. अण्णा माणूस वाईट नाही, पण चुकीला त्याच्याकडे जागा नाही. औषधाच्या बाटलीवर भलतीच चिठ्ठी लावली म्हणून बारा वर्षं जुना कंपाउंडर त्यानं त्याच दिवशी घरी पाठवला होता. त्या माणसाची पेटी रिक्षात सखारामनंच चढवून दिली. हे आत्ताच सांगून ठेवते, पुढं लागणार आहे.

दिवे घाट चढून सासवड गाठलं आणि मला पहिल्यांदा तो आवाज ऐकू आला. टिक्, टिक्, टिक्. गाडी पळायला लागली की भराभर, हळू झाली की सावकाश. पुढं वाकून मी विचारलं, “सखाराम, हे कसलं टिकटिकतंय?” त्यानं आरशात माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “काही नाही ताईसाहेब, रस्ताच तसा आहे.” जेजुरीपाशी पुन्हा विचारलं. या खेपेला तो खाली उतरला, चारी चाकं वाकून वाकून पाहिली, टायरच्या खाचेतून एक खडा काढून मला दाखवला, आणि गाडी सुरू केली. टिक्, टिक्, टिक्. तीस वर्षं मुलींच्या थापा पकडण्यात घालवलेली मी. म्हटलं, हा गृहस्थ मला चक्क बनवतोय. गाडी बिघडलीय हे याला ठाऊक आहे आणि दोष आपल्यावर येऊ नये म्हणून हा खडे दाखवतोय.

वडगाव निंबाळकर

नीरा ओलांडली की मुलखाचा रंग बदलतो. इकडे जेजुरीचा माळ करपलेला, आणि तिकडे कालव्याच्या दोन्ही अंगांना ऊस, इतका की रस्ता गल्लीसारखा वाटतो. वाऱ्यावर गुऱ्हाळांचा वास. थंडीचे दिवस होते, सकाळचं ऊन होतं, आणि ती टिकटिक नसती तर मी खुशीत आले असते.

वडगावच्या अलीकडे मागून भोंगा वाजला. उसाच्या मोळ्यांनी भरलेला ट्रक होता. पुन्हा वाजला, मग लांबलचक वाजत राहिला. सखाराम रस्त्याच्या मधोमध शांत चालला होता. मी “अरे, बाजू दे त्याला” म्हणेपर्यंत ट्रक उजवीकडून अंगाला अंग घासून पुढं घुसला, सखारामनं दचकून चाक फिरवलं आणि आमची गाडी पाटात उतरली. पुढची डावी बाजू चिखलात, मी सीटच्या खाली, माझा डबा माझ्या मांडीवर. ट्रकवाल्यानं थांबून मान बाहेर काढली आणि ओरडला, “कान फुटलं का रं तुझं?” आणि गेला.

पुण्यात अशा वेळी पन्नास माणसं जमतात आणि पन्नास सल्ले देतात. इथं उसातून चौघं बाहेर आले, धोतरं खोचली, काही न बोलता गाडीला खांदे लावले आणि गाडी वर काढल्यावर मग विचारलं, “कोन पावणं?” त्यांतले एक म्हातारे आबा माझ्यापाशी आले. “बाई, कुटं लागलं न्हाय न्हवं? बसा हितं सावलीला.” त्यांनी गुळाचा खडा आणि पाणी पुढं केलं. मी चहाची माणूस, पण तो गूळ मी शेवटच्या कणापर्यंत खाल्ला.

सखाराम मात्र पाणीसुद्धा घेईना. चिखलानं भरलेला बूट हातात धरून पाटाच्या कडेला बसला होता. ट्रकवाल्याची शिवी मला आठवली, आणि आरशात माझे ओठ बघून दिलेली ती उत्तरंही. हा माणूस थापा मारत नव्हता. याला टिकटिक ऐकूच येत नव्हती.

बारामती

मुक्काम माझी जुनी विद्यार्थिनी शांता हिच्याकडे होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सखाराम अंगणात गाडी पुसत होता, माझ्याकडे पाठ. मी हाक मारली. मोठ्यानं मारली. मग, सांगायलाही लाज वाटते, ओट्यावरचा पितळी तांब्या मुद्दाम फरशीवर पाडला. कोंबड्या फडफडून पळाल्या, शांता स्वयंपाकघरातून धावत आली, आणि सखाराम मडगार्ड पुसत राहिला. वळसा घालून मी त्याच्यासमोर गेले तेव्हा तो हसून म्हणाला, “ताईसाहेब, केव्हा आलात?”

मी आत जाऊन पोस्टकार्ड घेतलं आणि लिहिलं: ‘ती. अण्णास सा. न. सखारामला ऐकू येत नाही. मागून येणाऱ्या गाड्यांचे भोंगे त्याला कळत नाहीत. काल वडगावपाशी थोडक्यात वाचले. त्याने हे आपल्यापासून लपवले आहे. परतीसाठी इंदापूरला दुसरा माणूस पाठव. मी याच्या गाडीत बसणार नाही.’ पत्ता लिहिला, अक्षर तपासलं. एकही काना-मात्रा चुकली नव्हती. कंपाउंडरची पेटी मला तेव्हा आठवली नाही असं म्हणता येणार नाही. आठवली, आणि तरीही लिहिलं, कारण लिहिलेलं सगळं खरं होतं.

‘बसणार नाही’ लिहून तासाभरात मी त्याच गाडीत बसले, कारण इंदापूर अजून तीस मैल होतं. शांताचे यजमान म्हणाले, “आवाज वाढलाय, असं पुढं जाऊ नका. वाटेत पिंपळीला गणपततात्या आहेत, विहिरींवरच्या ऑइल इंजिनांचं काम करतात. फक्त एक करा, त्यांना हाक मारू नका. खडा टाका.” मला वाटलं, गंमत करताहेत. पोस्टाची पेटी वाटेत लागलीच नाही, म्हणून कार्ड पिशवीत राहिलं.

पिंपळी

तात्या चिंचेखाली बसले होते. समोर इंजिनाचे सुटे भाग गोणपाटावर मांडलेले, पाठ आमच्याकडे. मी सवयीनं “तात्या” म्हणून हाक मारली. उत्तर नाही. शेजारी शेण्या थापणारी बाई म्हणाली, “खडा टाका की, बाई. न्हायतर दुपारपत्तूर हुबं ऱ्हाशीला. आमी समदी तसंच करतो. त्येंच्या पायापाशी टाकायचा.”

वडीलधाऱ्या माणसाला खडा मारायचा. जन्मभर मुलींना जे करू नका म्हणून सांगितलं ते करायला मी वाकले, खडा उचलला आणि टाकला. तो तेलाच्या डब्याला लागून भलतीकडे उडाला. तात्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. “नेम चुकला, बाई,” म्हणाले आणि उठले.

सत्तरीचा बारीक माणूस, डोक्याला मुंडासं, बोटं तेलानं काळी. मी टिकटिकीचं सांगायला लागले, तर त्यांनी हात वर केला. “मला ऐकू येत न्हाय. तीस वर्सं इंजनापाशी बसलो. इंजनांनी कान खाल्लं, पर पोट भरलं. बोलू नका, गाडी चालू करा.”

त्यांनी घरातून हातभर लांब बाभळीची काठी आणली. एक टोक चावून चावून गुळगुळीत झालेलं. मुंडाशाचा शेव सोडून दोन्ही कान घट्ट बांधले. “उरलंसुरलं बाह्यरचं बंद केलं म्हंजी आतलं नीट येतं,” ते म्हणाले. काठीचं एक टोक चालू इंजिनाला टेकवलं, दुसरं दातांत धरलं आणि डोळे मिटले. आम्हाला हलायचीही बंदी. जमीन हलली की काठी खोटं सांगते म्हणे. शेण्या थापणारी बाईसुद्धा हात वर धरून थांबली. काठी इंजिनाच्या कडेनं बोट बोट सरकत होती. एका जागी थांबली, मागं गेली, पुन्हा तिथंच आली. अण्णा रोग्याची छाती तपासतो तेव्हा त्याचा चेहरा असाच होतो.

“तिसरा टॅपेट,” तात्या म्हणाले. “वाल, म्हंजी इंजनाची झडप, उचलणारा दांडा. त्येचा नट सैल झालाय. वाल खाली येतो तवा टोला बसतोय.” मग सखारामकडे वळले. सखाराम त्यांच्या ओठांकडे टक लावून बघत होता. तात्यांनी त्याला क्षणभर न्याहाळलं आणि ज्यांना ऐकू येत नाही ते बोलतात तशा मोठ्या आवाजात म्हणाले, “तुलाबी येत न्हाय व्हय?”

सखारामचा चेहरा उतरला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली नाही, आश्चर्यही दाखवलं नाही, आणि मला माहीत आहे हे त्याला तेवढ्यानं कळलं.

“लाजतुस कशापायी?” तात्या म्हणाले. “माझं समद्या गावाला ठावं हाय. म्हणून तर खडं मारत्यात. ठावंच नसतं तर मला येडा म्हणाले असते.” आणि त्यांनी काठी पुढं केली. “धर दातात.”

सखारामनं टोपी काढली, कान हातांनी झाकले, काठी दातांत धरली. तात्यांनी दुसरं टोक इंजिनाला लावलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग त्याचे डोळे मोठे झाले. तो तसाच वाकून राहिला, पुष्कळ वेळ. इतके दिवस तो ही गाडी हातापायांना जाणवणाऱ्या थरथरीवर चालवत होता, इंजिनाचा आवाज त्याला आज मिळाला. काठी सोडली तेव्हा डोळ्यांत पाणी होतं.

“ताईसाहेब,” तो म्हणाला, “हे सासवडपासनं वाजतंय?”

“हो.”

“मला वाटलं तुम्ही उगाच म्हणताय.” तो थांबला. “मी तुम्हाला खडा दाखवला.”

मीही त्याला तांब्या वाजवून दाखवला होता, फक्त त्याच्या पाठीमागून.

तात्यांनी इंजिन बंद करून बाजूचं झाकण काढलं आणि माझ्याकडे हात पसरला. “पोस्टाचं कार्ड द्या.” मला कळेना. “टॅपेटमदी फट किती ठिवायची त्येचं माप. कार्डाच्या जाडीइतकी. जास्त झाली तर वाजतं, कमी झाली तर वाल जळतो. माझं कार्ड तेल पिऊन फुगलंय.”

पिशवीत कार्ड एकच होतं. मी हात घातला आणि तसाच ठेवला. तात्या हात पसरून उभे, सखाराम माझ्याकडे बघतोय. ‘नाही माझ्याकडे’ म्हणता आलं असतं. पण कार्डाचा कोपरा पिशवीतून दिसत होता आणि तात्यांचे डोळे काही गेले नव्हते. मी दिलं, लिहिलेली बाजू खाली करून.

तात्यांनी कार्ड फटीत सरकवलं. सखाराम हँडलनं इंजिन फिरवायचा, तात्या पान्यानं स्क्रू फिरवायचे आणि कार्ड ओढून बघायचे. ना सैल ना घट्ट झालं तेव्हा नट आवळला. गाडी सुरू केली. टिकटिक गेली होती. मी ऐकलं, त्या दोघांनी काठीनं ऐकलं.

तात्यांनी कार्ड सखारामच्या हातात दिलं. त्यानं ते पँटला पुसलं, उलटं केलं आणि वाचलं. सखाराम एकेक अक्षर लावून वाचतो. त्याचे ओठ हलत होते. माझं नेटकं अक्षर त्याच्या ओठांवरून एकेक शब्द जाताना मी पाहत उभी होते. शेवटपर्यंत वाचून त्यानं कार्ड कोटाच्या खिशात ठेवलं. ‘दे इकडे’ असे दोन शब्द म्हणायचे होते. तीस वर्षं वर्गात आवाज चढवलेल्या मला ते जमले नाहीत.

निघताना तात्यांनी काठी त्याला देऊन टाकली. “मी दुसरी तोडतो. बाभळी लय हायेत.”

इंदापूर

भवानीनगरच्या कारखान्यापाशी बैलगाड्यांची रांग मैलभर होती. मळीचा वास नाकात बसला. मी सखारामशी काही बोलायचा प्रयत्न केला नाही, कारण बोलायचं तर आरशात त्याच्या नजरेला नजर द्यायला हवी होती.

कुसुमकडचे चार दिवस खरं तर मजेचे. पाटाच्या कडेला बाजेवर बसून मोसंबी सोलायची, दुपारी ज्वारीची भाकरी आणि वांग्याचं भरीत, तेही इतकं तिखट की पुण्याची जीभ दोन दिवस संपावर गेली. वाऱ्यानं पडलेली फळं ते विकत नाहीत. रस्त्याकडच्या बांधावर टोपलीत ठेवतात, जाणाऱ्या-येणाऱ्यानं घ्यावीत. आमच्या आळीत अशी टोपली ठेवली तर टोपलीसुद्धा राहायची नाही.

पण घास गोड लागत नव्हता. सखाराम रोज गाडी धुवायचा, पुसायचा, काठी लावून ऐकायचा आणि पुन्हा पुसायचा. कार्डाचं त्यानं नाव काढलं नाही, मीही नाही. म्हटलं, फाडून टाकलं असेल. बरंच झालं. पुण्याला गेल्यावर अण्णाला हळूच, निराळ्या शब्दांत सांगू. मग वाटायचं, निराळे शब्द कोणते?

चौथ्या दिवशी दुपारी बागेच्या फाट्याशी एस.टी. थांबली आणि तीतून अण्णा उतरला. दवाखाना बंद ठेवून. मी त्याला आयुष्यात दवाखाना बंद ठेवताना पाहिलेलं नव्हतं. कोट धुळीनं माखलेला, हातात तपासणीची बॅग. माझ्याजवळ येऊन त्यानं खिशातून कार्ड काढलं.

माझंच कार्ड. एक कोपरा तेलानं पारदर्शक झालेला, मधून टॅपेटचा काळा पट्टा. माझ्या मजकुराखाली पेन्सिलीनं, वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘वरील मजकूर खरा आहे. दोन वर्षे झाली. गाडीची टिकटिक काढली आहे. आपला, सखाराम.’

म्हणजे त्यानं ते स्वतः नेऊन पेटीत टाकलं होतं.

सखाराम गाडीपाशी हात जोडून उभा होता. अण्णानं त्याला बाजेवर बसायला सांगितलं. तो बसेना. पंधरा वर्षांत तो अण्णासमोर गाडीखेरीज कुठं बसला नव्हता. अण्णानं खांदे धरून बसवला, बॅगेतून कान तपासायचा दोन पात्यांचा पोलादी काटा काढला, गुडघ्यावर आपटून त्याच्या कानाशी धरला. सखारामनं मान हलवली, नाही. मग तोच काटा कानामागच्या हाडावर टेकवला. सखाराम म्हणाला, “येतंय.” अण्णानं पुन्हा टेकवला. “येतंय, साहेब.” अण्णानं काटा बॅगेत ठेवला.

“मी रोज याच्या पाठीमागं बसून पेपर वाचतो,” तो मला म्हणाला. “दोन वर्षं. यानं मला सांगितलं का नाही?”

“कंपाउंडरची पेटी त्यानंच रिक्षात चढवली होती, अण्णा,” मी म्हटलं. “आणि मी सांगितलं ते कसं सांगितलं, ते तुझ्या हातात आहे.”

अण्णानं कार्ड घडी न घालता खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. सखारामनं सवयीनं अण्णासाठी मागचं दार उघडलं. अण्णा वळसा घालून पुढं, त्याच्या शेजारी जाऊन बसला. मग त्याच्याकडे तोंड करून, सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, “पुण्याला गेल्यावर दोन्ही बाजूंना मोठे आरसे लावून घ्यायचे. तोवर मागून भोंगा वाजला की मी खांद्यावर हात ठेवीन. तू बाजू द्यायची. समजलं?”

सखारामनं मान हलवली. गाडी सुरू करायला त्याला दोनदा किल्ली फिरवावी लागली.

पिंपळीला थांबलो. अण्णाला तात्यांना बघायचं होतं. या खेपेला माझा खडा बरोबर पायापाशी पडला आणि तात्या म्हणाले, “आता कसं.” मुलूख तोच, ऊस तोच. वडगावजवळ, आम्ही पाटात गेलो होतो त्याच वळणावर, मागून ट्रकचा भोंगा वाजला. अण्णानं सखारामच्या खांद्यावर हात ठेवला. सखारामनं मागं न बघता गाडी डावीकडे घेतली, ट्रक सरळ पुढं निघून गेला.

अण्णानं हात काढला नाही. नीरा गेली, मागं एकही गाडी नव्हती, तरी जेजुरी येईपर्यंत तो तिथंच होता.